दुसऱ्याच रोगाची गोळी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी पैंजणाच्या जोडावरून हुज्जत घालत होते. गिऱ्हाईक मुरलेलं होतं आणि मीही. तासभर आमचं चाललं होतं.

"आत्ती, पप्पा आयसीयूत हाईत," भाचा म्हणाला. "घशात नळी घातलीया. तू ये."

एवढंच. मी फोन तसाच कानाला धरून उभी राहिले. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "मग काय बाई, देताय का जाऊ?" मी जोड कागदात गुंडाळला आणि त्यानं सांगितलेल्या भावात देऊन टाकला. तो बिचारा घाबरला. कुठं तुटलाबिटलाय का म्हणून जोड उलटापालटा करून बघायला लागला. माझ्याकडून कोणी स्वतःच्या भावात माल नेला, असं त्याआधी हुपरीत कधी घडलं नव्हतं.

हा भाचा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. आणि त्या भावाशी मी दोन वर्षं बोलत नव्हते.

का, ते आधी सांगते.

सव्विसाव्या वर्षी माझा नवरा गेला. मूल नव्हतं. मी माहेरी आले तेव्हा वडील थकलेले आणि हा भाऊ नववीत. हुपरीत घराघरात चांदीचं काम चालतं. मी घुंगरू जोडायचं काम घरी आणलं. वर्षभर जोडल्यावर लक्षात आलं की जोडणाऱ्याचे डोळे जातात आणि विकणाऱ्याचं पोट सुटतं. मग मी विकणारी झाले. पिशवी घेऊन एसटीनं कोल्हापूर, गारगोटी, निपाणी. व्यापारी आधी हसायचे, बाईमाणूस काय भाव करणार म्हणून. पुढं पुढं मला लांबून बघितलं की गल्ल्यावर दुसऱ्याला बसवून आत जायला लागले. भाऊ शिकला, गारगोटीकडच्या एका शाळेत मास्तर झाला, कोल्हापुरात घर बांधलं. पंधरा ऑगस्टला तो अंधश्रद्धेवर भाषण करायचा. ते ऐकायला मी दोनदा मुद्दाम गेले होते. पोरांच्या मागं खुर्चीवर बसून डोळे पुसले होते.

त्याच्या मुलाच्या, म्हणजे याच भाच्याच्या, लग्नात हळदीला मी नवी साडी नेसून उभी होते. आत्याचा मान असतो. आंब्याचं पान हळदीत बुडवून मी पाटाकडे निघाले, तर वहिनीनं माझं मनगट धरलं. हसतच म्हणाली, "वन्सं, आचारी म्हणतोय भाजी कमी पडणार. तुम्ही जरा भाजीकडं बघता का?"

मी पान ठेवलं आणि मांडवामागं गेले. पातेलं गळ्यापर्यंत भरलेलं. आचारी म्हणाला, "कमी पडणार म्हणून कोण सांगितलं? उद्यापत्तोर पुरंल की!"

मी त्या पातेल्याजवळ उभी राहिले. मांडवातून बायकांची गाणी ऐकू येत होती. विधवेचा हात नको, म्हणून मला तिकडं पाठवलं होतं. समोरच्याच्या पापणीवरून मी त्याचा शेवटचा भाव ओळखते, आणि मला हे कळायला झाकण उचलून बघावं लागलं. त्याचाच राग जास्त आला. अक्षता पडल्या तशी मी न जेवता हुपरीची गाडी धरली. भावाला फोन केला नाही. त्यानंही केला नाही. मी समजले, बायकोच्या करणीची लाज वाटत असेल त्याला.

तर, फोन आला त्या दिवशी मी कोल्हापूरला दवाखान्यात पोचले आणि आयसीयूत गेले. एका खाटेपाशी उभी राहून नर्सला विचारलं, "माझा भाऊ कुठाय?"

ती म्हणाली, "हे काय, तुमच्या समोरच."

तोंड सुजून घागरीएवढं झालं होतं. तोंडात नळी, गालावर चिकटपट्ट्या, डोळे अर्धवट उघडे आणि त्यात काही नाही. छाती वरखाली होत होती, पण ती त्याची तो हलवत नव्हता. यंत्र हलवत होतं. मी पांघरूण सारून पाय बघितले. शाळेत असताना त्यानं माझी हातोडी अंगठ्यावर पाडून घेतली होती, ते नख अजून तसंच वाकडं होतं. तेव्हा कुठं मला पटलं.

बाहेर बाकावर वहिनी बसली होती, शेजारी भाचा, आणि पलीकडे भाच्याची सासू. ती गडमुडशिंगीहून सगळ्यांसाठी भाकरीचा डबा घेऊन आली होती. वहिनी म्हणाली, "आलासा?" मी म्हणाले, "व्हय." दोन वर्षांत आमचं तेवढंच बोलणं.

मग डॉक्टरनं आम्हा तिघांना, म्हणजे वहिनी, भाचा आणि मला, आतल्या लहान खोलीत बोलावलं. डॉक्टर म्हणजे माझ्या निम्म्या वयाची मुलगी, बाहेरच्या जिल्ह्यातली. मी म्हणाले, "मी हुपरीस्नं आलोय," तर ती क्षणभर गोंधळली. आमच्याकडच्या बायका 'आले' म्हणत नाहीत.

"फ्लूपासून सुरू झालं, मग न्यूमोनिया," ती म्हणाली. "फ्लूवरचं औषध दिलंय. विषाणू आता बराच कमी झालाय."

"मग बरा हुईल की!" मी म्हणाले.

"मावशी, आता जे नुकसान चाललंय ते विषाणूमुळे कमी आणि त्यांच्या स्वतःच्या पेशींमुळे जास्त आहे. रोगाशी लढणाऱ्या पेशी फुप्फुसात गेल्या, लढल्या. पण आता त्या थांबत नाहीत. आणखी पेशींना बोलावून घेताहेत आणि फुप्फुसच खराब करताहेत. परिस्थिती फार नाजूक आहे."

मला वाटत होतं कोणीतरी बाहेरचं आत शिरलंय, त्याला हाकलायचं. तर ही सांगत होती की बाहेरचा निघून चाललाय आणि घरचेच घर पाडताहेत.

मला तेजाबाचं भांडं आठवलं. जोड तयार झाला की काळा असतो. पातळ तेजाबात टाकला की मळ जातो आणि चांदी पांढरी निघते. पण वेळेत काढावा लागतो. एकदा माझ्याकडच्या बाईनं तेजाब कडक केलं, त्यात जोड टाकला आणि शेजारणीशी बोलत बसली. काढला तेव्हा नक्षी पुसलेली, कड्या दोऱ्यासारख्या झालेल्या. मळ तर केव्हाच गेला होता. तेजाबाला मळ आणि चांदी वेगळी कळत नाही. ते काढणाऱ्या हाताला कळावं लागतं.

"मग काढा की त्याला भांड्यातनं!" मी ओरडले.

डॉक्टर बघतच राहिली. भाचा म्हणाला, "आत्तीचं चांदीचं काम हाय."

मी तिला भांड्याचं सांगितलं. तिनं ते नीट ऐकलं, आणि तिथंच ती मुलगी मला आवडली. म्हणाली, "असंच काहीसं आहे. पेशींना शांत करायची नेहमीची औषधं चालू आहेत, पण हवा तेवढा फरक नाही. आमच्याकडे एक अभ्यास सुरू आहे. एक जुनं औषध, दुसऱ्याच विषाणूवरचं, या पेशींना शांत करतं का ते आम्ही बघतोय. त्यात यांना घ्यायचं का, हे तुम्ही ठरवायचं. घ्यायचं असेल तर आज पाचच्या आत सुरू करावं लागेल. नाही म्हणालात तरी बाकीचे उपचार जसेच्या तसे चालू राहतील."

"दुसरा इषाणू म्हंजे कुठला?" मी विचारलं.

"एचआयव्ही," ती म्हणाली.

मग वहिनी उठली, खुर्ची मागं पडली, आणि ती दार उघडून बाहेर जाताजाताच रडत म्हणाली, "अगं आई गं! ह्यांना एड्सचं औषध द्यायचं म्हणत्यात!"

दवाखान्यातल्या त्या बोळात निदान वीस माणसं होती. भाच्याच्या सासूनं मांडीवरचा डबा पिशवीत घातला. घाईनं नाही, सावकाश, एकेक कप्पा चाचपून. मग म्हणाली, "मी जरा जाऊन येतो हं." आणि गेली. भाकरी आमच्यासाठी आणली होती. ती घेऊन गेली. वहिनी उभ्या जागी तिच्या पाठीकडे बघत राहिली.

मी डॉक्टरकडे वळले. "सरळ सांगा. त्याला त्यो रोग हाय काय?"

"नाही. इथं आल्यावरच तपासणी झालीय. नाहीये." तिनं कागद दाखवला.

"मग ज्याला रोग न्हाय त्याला गोळी का?"

तिनं समोरचं पेन उचललं. "मावशी, या पेशींच्या अंगावर एक कडी असते असं समजा. एचआयव्हीचा विषाणू त्या कडीला धरून पेशीत शिरतो. म्हणून औषध त्या कडीवर टोपण बसवतं, असं." तिनं पेनला टोपण लावलं. "पण ती कडी विषाणूसाठी नसते. 'इकडे या, इथं लढाई आहे' ही हाक पेशींना ज्यावरून कळते, त्यातली ती एक. टोपण बसलं तर हाक कमी ऐकू येईल, गर्दी कमी होईल, अशी आशा आहे. खात्री नाही. खात्री असती तर विचारत बसले नसते, लिहूनच दिलं असतं."

शेवटचं वाक्य मला पटलं. जो विकणारा आपल्या मालाची खोट आपण होऊन सांगतो, त्याच्याकडून मी डोळे झाकून माल घेते. असे मला आयुष्यात दोन भेटले.

"बरं. मग आणा गोळी."

"अजून एक गोष्ट," ती म्हणाली. "अभ्यासात निम्म्या लोकांना औषध मिळतं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "खोटी गोळी?"

"हो. कोणाला कुठली, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं."

"मग आम्हाला खरी द्या."

"ते माझ्या हातात नाही. मलाही कळत नाही कुठली आहे ते."

"मग कुणाला कळतंय?"

"कॉम्प्युटर ठरवतो."

"मग त्या कॉम्प्युटरवाल्याचा नंबर द्या. मी बोलतो."

भाचा हळूच म्हणाला, "आत्ती, असं नसतंय."

"तू गप. डॉक्टरीणबाई, दोन्ही द्या की मग! एक सकाळी, एक संध्याकाळी. एक तरी खरी लागंल."

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. मी चिडले, टेबलावर हात आपटला. "अहो, टंच काढल्याबिगर मी चिमटीएवढी चांदी घेत न्हाय! आणि तुम्ही मला माझा भाऊ असा डोळे झाकून द्यायला सांगताय?"

"टंच म्हणजे?"

"चांदी किती खरी ते. मालातला एक तुकडा काढून तपासत्यात."

"मग तेच आम्ही करतोय, मावशी," ती म्हणाली. "या औषधाचा टंच काढतोय. सगळ्यांनी खरीच मागितली तर कधीच कळणार नाही की माणसं औषधानं वाचली का आपोआप."

तिचं बरोबर होतं, आणि तो तपासायचा तुकडा म्हणजे आत यंत्रावर पडलेला माझा भाऊ होता. चाळीस वर्षं मी असे तुकडे काढत आले. तुकड्याला विचारावं असं कधी डोक्यात आलं नाही. ही बाई निदान विचारत तरी होती.

सही मात्र बायकोची पाहिजे होती. बहिणीची चालत नाही. मी बाहेर वहिनीकडे गेले. भाचाही मागून आला.

"सही कर," मी म्हणाले.

"न्हाय करणार." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बघितलासा न्हवं, विहीणबाईंनी काय केलं? उद्या सूनबाईला माहेरी घेऊन जातील. शाळेत कळंल. गल्लीत कळंल."

"रोग न्हाय त्याला. कागद हाय."

"कागद हातात घेऊन कुणाकुणाच्या दारात फिरू, वन्सं? लोकं औषधाचं नाव ऐकत्यात, कागद वाचत न्हाईत."

"तुला नवरा पायजे का लोकं?" माझा आवाज चढला. आजूबाजूचे बघायला लागले. "लोकांचं लई पडलंय तुला! लोकांसाठीच मला हळदीतनं उठवून भाजीकडं पाठवलंस. भाजी म्हणे कमी पडली! तुझ्या मनातच कमी पडलं होतं!"

ती उभी राहिली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ती माझ्यासमोर कधी अशी उभी राहिली नव्हती.

"मी न्हाय पाठवलं," ती म्हणाली. "तुमच्या भावानं पाठवलं. आदल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं, आक्का पुढं आली तर तिला भाजीकडं पाठीव म्हणून. भाजीचं त्यांनीच शिकवलं. मी म्हणालो होतो, आक्कांनी तुम्हाला शिकवलंय, पहिली हळद त्यांची. विचारा ह्याला!"

मी भाच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

मला पुढचं नीट आठवत नाही. जिना उतरून मी रस्त्यावर आले एवढं खरं. दवाखान्याच्या फाटकासमोर ऊस भरलेले ट्रॅक्टर चालले होते, एकामागं एक, त्यांच्या टेपवरची गाणी एकमेकांत मिसळत होती. मी तिथं एका रसाच्या गाड्याजवळ उभी होते आणि रसवाला मला विचारत होता, "मावशी, आलं घालू का?" तीनदा विचारलं म्हणे.

भाषण करणारा माझा भाऊ. माइकसमोर बोट वर करून "मुलांनो, विचार करा" म्हणणारा. मी दोन वर्षं वहिनीला शिव्या दिल्या, हुपरीतल्या प्रत्येक बाईजवळ दिल्या. आणि त्यानं मला फोन केला नव्हता तो लाजेनं नव्हे. त्याला वाटलं असणार, झालं ते बरं झालं, बायकोच्या नावावर खपलं.

मनात आलं, जाऊ दे. हुपरीची गाडी धरावी. नाहीतरी सही माझी चालत नाही, गोळी खरी का खोटी तेही ठाऊक नाही. त्याच्याच पेशी त्याला खातात तर खाऊ देत. मला कुठं त्यानं घरचं मानलं होतं?

रस प्यायला आणि मग एकदम दुसरं सुचलं. हा मेला तर मी भांडायचं कोणाशी? मेल्या माणसाच्या फोटोला हार घालावा लागतो. लोक म्हणतात, गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. म्हणजे त्याची सुटका, आणि ही भाजी जन्मभर माझ्याच गळ्यात. नाही. त्यानं जगायला पाहिजे होतं. डोळे उघडे ठेवून, शुद्धीवर राहून, माझ्या तोंडाकडे बघत जगायला पाहिजे होतं.

लोक म्हणतात माया असते. असेल. त्या वेळी मला जिना परत चढवला तो रागानं.

वहिनी तिथंच होती. मी तिच्या शेजारी बसले. पहिल्यांदा म्हणाले, "तुला उगंच शिव्या दिल्या. दोन वर्षं."

"म्हाईत हाय. ऐकू येत होत्या," ती म्हणाली. "हुपरी काय लांब न्हाय."

"सही कर. त्यो जगला तर मी त्याला धरणार हाय. न्हाय जगला तर मी कुणाला विचारू?"

ती रडतारडता हसली. "मला बी विचारायचंय. सगळं माझ्यावर ढकललं, लगीन झाल्यापास्नं. बायको कजाग, ह्यो देवमाणूस."

"मग काय करतीस?"

"पण वन्सं, लोकं?"

"लोकं डबा घेऊन गेली की आत्ताच. आणखी काय नेणार?"

ती उठली. डॉक्टरनं मला आणि भाच्याला बाहेर थांबवलं आणि तिला एकटीला आत घेतलं. दाराच्या काचेतून दिसत होतं: डॉक्टर कागदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवत होती आणि वहिनी मान हलवत होती. नंतर वहिनीनं सांगितलं, डॉक्टरनं दोनदा विचारलं, "मावशींच्या दबावानं करताय का? त्या जरा जोरात बोलतात." वहिनी म्हणाली होती, "त्या लहानपणापास्नं तशाच बोलत्यात म्हणे. सही माझी हाय." घड्याळात साडेचार वाजले होते. पाचच्या आत गोळीची पूड पोटात जाणाऱ्या नळीतून आत गेली.

पुढचे दिवस मी कोल्हापुरातच राहिले. रोज अकराला आत जायचं आणि ते वाकडं नख बघून यायचं. सगळ्यात आधी सूज उतरली. मग यंत्राचा जोर कमी केला, मग एक दिवस नळी काढली. प्रत्येक वेळी मी डॉक्टरला विचारायची, "म्हंजे खरीच गोळी लागली न्हवं?" आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, "माहीत नाही, मावशी. नेहमीच्या उपचारांनीही माणसं बरी होतात. सगळ्यांचा अभ्यास संपला की कळवू." मला हे सहन होत नव्हतं. माल घरी आला, आणि कुठल्या दुकानातून आला ते कळू नये?

वॉर्डात आणल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला बोलता यायला लागलं. आवाज पत्र्यावर खडा ओढल्यासारखा. मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. वहिनी खिडकीपाशी मोसंबी सोलत होती.

"आक्का," तो म्हणाला. "कधी आलीस?"

मी म्हणाले, "भाजी खरंच कमी पडली होती का रे?"

त्यानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं मान वर केली नाही; सालाचा एक लांबच लांब तुकडा तिच्या हातातून खाली लोंबत होता. त्यानं डोळे मिटले. झोपला नव्हता, पापण्या हलत होत्या. मी तासभर बसले. मला थांबता येतं. धंद्यात जो आधी बोलतो तो हरतो. पण तो बोललाच नाही.

घरी सोडायच्या दिवशी दवाखान्यातून कागद मिळाला. भाऊ व्हीलचेअरवर बसला होता, मांडीवर शाल. मास्तर माणूस, त्यानं चष्मा मागून घेतला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचला. एका ठिकाणी बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं की पेशंट अमुक अभ्यासात सहभागी होता आणि त्याला ते औषध किंवा तशीच दिसणारी गोळी देण्यात आली. औषधाचं नाव होतं.

त्यानं मला जवळ बोलावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन माझा हात धरला. मला वाटलं, आता बोलणार.

"आक्का," तो खरखरत्या आवाजात म्हणाला, "ही ओळ तेवढी काढायला लाव. तू बोल. तुझं ऐकतील. शाळेत कागद द्यावा लागतोय रजेसाठी. लोकं काय म्हणतील?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मरणाच्या दारातून परत आला होता आणि येताना लोकांना सोबत घेऊन आला होता.

"दे," मी म्हणाले आणि कागद घेऊन डॉक्टरच्या खोलीत गेले. मला बघून ती सावरून बसली. तिला वाटलं असणार, आता काहीतरी भाव करायला आली.

"ही ओळ पुसट उमटलीया," मी बोट ठेवून दाखवलं. "शाईचं काय तरी बघा. आणि मला दुसरी प्रत पायजे. ठळक."

तिनं मशीनमधून दुसरी प्रत काढून दिली. काळीभोर, लांबून वाचता येईल अशी. मी ती घेऊन बाहेर आले.

"काढली?" भावानं विचारलं.

मी दोन्ही कागद वहिनीच्या हातात दिले. तिनं आधी जुना बघितला, मग नवा. मग माझ्याकडे बघितलं. पुसट प्रतीची घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवली आणि ठळक प्रत त्याच्या मांडीवर, शालीच्या वर, छापलेली बाजू दिसेल अशी ठेवली.

"हीच द्या शाळेत," ती म्हणाली. "मुलांना सांगा, विचार करा म्हणून."

कागद उलटा करायला त्यानं हात उचलला, पण हातात अजून ताकद नव्हती. कागद तसाच राहिला.

मी गाडीत त्याच्या शेजारी बसले. घर आल्यावर उतरून मी म्हणाले, आता मी हुपरीची गाडी बघतो. वहिनीनं माझं मनगट धरलं, लग्नात धरलं होतं तेच.

"जेवून जावा वन्सं. तुम्ही आत ह्यांच्याजवळ बसा. भाजीकडं मी बघतो."

मी बसले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. गोळी कुठली होती, त्याचा फोन दवाखान्यातून अजून आलेला नाही. भाजीचं उत्तरही त्यानं अजून दिलेलं नाही. दोन्हीची मी वाट बघतेय.